दोन विद्यापीठांच्या असिस्टंटशिपची तुलना : पत्रातला आकडा आणि पत्रातली अट

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीला अमेरिकेतील दोन विद्यापीठांत पीएच.डी.साठी प्रवेश मिळाला असून दोन्हीकडे असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठात शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाच्या बदल्यात पगार, देऊ केली आहे. पहिले मिडवेस्टमधील एका लहान गावातले राज्य विद्यापीठ आहे. तिथे टीए (टीचिंग असिस्टंट, म्हणजे शिकवण्यातली साहाय्यक) म्हणून नऊ महिन्यांचे २६,१०० डॉलर आणि पूर्ण ट्यूशन (शिक्षण शुल्क) माफी मिळेल; मात्र वर्षाची सुमारे १,८०० डॉलर इतर फी आणि आरोग्य विम्यातला ६०० डॉलरचा वाटा तिने भरायचा आहे. दुसरे विद्यापीठ पश्चिम किनाऱ्यावरील मोठ्या शहरात असून ते एका विशिष्ट प्राध्यापकांच्या हाताखाली आरए (रिसर्च असिस्टंट, म्हणजे संशोधन साहाय्यक) म्हणून बारा महिन्यांचे ३८,४०० डॉलर देते, शिवाय ट्यूशन, फी आणि विमा हे सगळे विद्यापीठच भरणार आहे. वडिलांचे म्हणणे असे की फरक १२,३०० डॉलरचा, म्हणजे रुपयांत दहा लाखांच्या वर आहे, तेव्हा यात विचार करण्यासारखे काय आहे? त्यात दुसऱ्या विद्यापीठाने १ मार्चपर्यंत उत्तर मागितले आहे.

मी अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात बरीच वर्षे शिकवतो आहे आणि पदव्युत्तर प्रवेश समितीवर असताना अशी पत्रे मी स्वतः तयार केली आहेत. त्यामुळे पत्रातले कोणते वाक्य विभागाने मनापासून लिहिलेले असते आणि कोणते पुढेमागे हात वर करता यावेत म्हणून घातलेले असते, याचा मला बऱ्यापैकी अंदाज आहे. तुमची दोन्ही पत्रे वाचल्यावर माझे मत असे झाले की १२,३०० हा आकडा तुमचा निर्णय ठरवणार नाही. पहिल्या पत्रात ‘उन्हाळ्यात सहसा आर्थिक साहाय्य उपलब्ध असते’ असे एक वाक्य आहे आणि दुसऱ्या पत्रात ‘अनुदान उपलब्ध असेपर्यंत’ अशी एक अट आहे. या दोन वाक्यांचा नेमका अर्थ कळेपर्यंत कोणते पत्र सरस आहे हे सांगताच येत नाही.

आधी हिशेब करू, आणि तो डॉलरमध्येच करू, कारण तुम्ही पगार डॉलरमध्ये घेणार आहात आणि भाजीही डॉलरमध्येच विकत घेणार आहात; रुपयांत रूपांतर केले की दोन्ही आकडे सारखेच डोळे दिपवतात. कराच्या बाबतीत भारतीय विद्यार्थ्यांना एक सवलत आहे, जी इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना नाही. भारत-अमेरिका कर करारातील कलम २१ नुसार भारतातून आलेल्या विद्यार्थ्याला, तो करासाठी अनिवासी असला तरी, प्रमाणित वजावट (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी करमुक्त रक्कम) घेता येते. २०२५ च्या करवर्षासाठी एकट्या व्यक्तीची ही वजावट १५,७५० डॉलर आहे. शिवाय एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्याच्या पगारातून पहिली पाच कॅलेंडर वर्षे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या सरकारी निवृत्ती व आरोग्य योजनांची ७.६५ टक्के कपात होत नाही. इंटरनेटवरची पगाराची गणितयंत्रे ही कपात धरून चालतात, म्हणून त्यांच्यावर विसंबू नका. ट्यूशन माफीची रक्कम टीए आणि आरए यांच्या बाबतीत उत्पन्न धरली जात नाही. २०१७ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या करविधेयकात ती करपात्र करण्याचा प्रस्ताव होता, पण अंतिम कायद्यात तो आला नाही.

पहिल्या विद्यापीठाचे २६,१०० घेतले तर वजावटीनंतर १०,३५० डॉलर करपात्र राहतात आणि त्यावर दहा टक्क्यांनी १,०३५ डॉलर केंद्रीय कर बसतो. राज्याचा कर ९०० च्या आसपास धरा. फी आणि विम्याचे २,४०० वजा केले की हातात सुमारे २१,७६५ उरतात. तुम्ही चौकशी करून कळवले आहे की तिथे दोघींनी मिळून घर घेतले तर प्रत्येकी महिन्याला ५५० डॉलर भाडे पडते. म्हणजे वर्षाचे ६,६०० गेले आणि उरलेल्या पैशांत महिन्याला सुमारे १,२६० डॉलर खर्चाला मिळाले. दुसऱ्या विद्यापीठात ३८,४०० वर केंद्रीय कर सुमारे २,४८० बसेल. राज्याचा मी ६०० धरतो. कॅलिफोर्नियासारखी काही राज्ये हा करार मानत नाहीत, मात्र त्यांची स्वतःची वजावट असते. हातात ३५,३२० आले तरी तिथले भाडे, तेही दोघींत, प्रत्येकी १,३५० आहे. वर्षाचे १६,२०० भाड्यातच जातात आणि महिन्याला सुमारे १,५९० उरतात.

बारा हजारांचा फरक अशा रीतीने चार हजारांच्या आत आला. मोठ्या शहरातला किराणा, बसचे पास आणि बाहेरचे जेवण धरले तर तो आणखी खाली येईल. उलट बाजूही सांगितली पाहिजे. लहान गावात विद्यापीठाची बस जिथे जात नाही तिथे गाडीवाचून अडते आणि दुसऱ्या वर्षापर्यंत बहुतेक मुले जुनी गाडी घेतात. गाडीचा विमा, विशेषतः नव्याने परवाना काढलेल्या चालकाचा, स्वस्त नसतो. राहणीमानाचा खर्च ताडून पाहायला एमआयटीचे ‘लिव्हिंग वेज कॅल्क्युलेटर’ उपयोगी आहे. ते काउंटीनुसार (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागानुसार) आकडे देते, म्हणून राज्याची सरासरी न पाहता विद्यापीठ ज्या काउंटीत आहे तीच पाहा.

आता उन्हाळ्याकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. नऊ महिन्यांचा करार मे महिन्याच्या मध्यावर संपतो आणि पुढचा ऑगस्टमध्ये सुरू होतो. घरमालक मात्र बाराही महिन्यांचे भाडे घेतो. वरच्या हिशेबात मी उन्हाळ्याचे उत्पन्न शून्य धरले आहे. पहिल्या विद्यापीठात तुम्हाला तीन महिने त्याच दराने, म्हणजे महिना २,९०० डॉलरने, काम मिळाले तर ८,७०० डॉलरची भर पडते. त्यावरचा कर वजा करता सुमारे ७,४०० हातात येतात आणि महिन्याचा खर्चाचा आकडा १,२६० वरून १,८८० च्या घरात जातो. म्हणजे उन्हाळा मिळाला तर लहान गावातले पत्र वर्षाला साडेतीन हजारांनी पुढे, नाही मिळाला तर चार हजारांनी मागे. ‘सहसा’ या एका शब्दाची किंमत एवढी आहे, आणि ती पाच वर्षांनी गुणायची आहे.

म्हणून पदव्युत्तर कार्यक्रमाच्या संचालकांना सरळ विचारा की मागच्या उन्हाळ्यात पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या किती विद्यार्थ्यांना पूर्ण तीन महिने पगार मिळाला, किती जणांना एकच महिना मिळाला आणि किती जणांना काहीच मिळाले नाही. ‘उन्हाळ्यात साहाय्य मिळते का?’ असे विचारलेत तर उत्तर ‘हो’ असेच येईल, आणि ते खोटेही नसेल. हाच प्रश्न तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांनाही स्वतंत्रपणे विचारा. रसायनशास्त्रात पहिल्या उन्हाळ्यापर्यंत विद्यार्थी एखाद्या प्रयोगशाळेत स्थिरावलेला असतो आणि मार्गदर्शकाकडे अनुदान असेल तर उन्हाळ्याचा पगार त्यातून निघतो. त्यामुळे हे उत्तर बहुधा विभागापेक्षा तुम्ही कोणाकडे काम करणार यावर अवलंबून असते. तुमच्या मनात असलेल्या तीन प्राध्यापकांची नावे घेऊन विचारले तर अधिक खरे उत्तर मिळेल.

दुसऱ्या पत्रातली अट वेगळ्या प्रकारची आहे. टीएचा पैसा विभागाच्या शिकवण्याच्या खर्चातून येतो. पहिल्या वर्षाच्या शेकडो मुलांना जनरल केमिस्ट्रीची लॅब करावी लागते, तोवर विभागाला टीए लागणारच. आरएचा पैसा मात्र प्राध्यापकांच्या अनुदानातून येतो, आणि अनुदानाला शेवटची तारीख असते. एनएसएफ (नॅशनल सायन्स फाउंडेशन) या सरकारी संस्थेची बरीच अनुदाने तीन वर्षांच्या आसपासची असतात, आरोग्य संशोधनाला पैसा देणाऱ्या एनआयएचची (नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ) मोठी अनुदाने चार-पाच वर्षांची. तुमच्या पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे लागतील. सुदैवाने ही माहिती गुप्त नाही. एनएसएफचे ‘अवॉर्ड सर्च’ आणि एनआयएचचे ‘रिपोर्टर’ ही दोन्ही संकेतस्थळे सर्वांना खुली आहेत. तिथे प्राध्यापकांचे नाव टाकले की चालू अनुदाने, त्यांच्या रकमा आणि सुरुवातीच्या व शेवटच्या तारखा दिसतात. तुमच्या येण्याच्या वर्षीच शेवटचे अनुदान संपत असेल तर त्याचा अर्थ काळजीचाच असतो असे नाही, कारण नवा अर्ज विचाराधीन असू शकतो. पण मग तो प्रश्न तुम्ही विचारलाच पाहिजे.

हे सध्या अधिक महत्त्वाचे झाले आहे. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी एनआयएचने अनुदानांवरील अप्रत्यक्ष खर्चाला (इमारती, प्रशासन अशा गोष्टींसाठी विद्यापीठाला मिळणाऱ्या रकमेला) पंधरा टक्क्यांची मर्यादा जाहीर केली. प्रकरण लगेच न्यायालयात गेले, तरी त्या वसंत ऋतूत जैववैद्यकीय क्षेत्रातील कित्येक विभागांनी पीएच.डी.चे प्रवेश कमी केले आणि काहींनी दिलेले प्रवेशही मागे घेतले. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न लेखी विचारायला सांगतो: ‘प्राध्यापकांचे अनुदान संपले, किंवा ते दुसऱ्या विद्यापीठात गेले, तर विभाग मला टीए देईल का, आणि किती वर्षांपर्यंत?’ ज्या विभागाचे उत्तर ‘समाधानकारक प्रगती असेल तर पाच वर्षांची हमी विभागाची’ असे येते, त्याचे आरएचे पत्र भक्कम समजावे. ‘तशी वेळ आजवर आली नाही’ हे उत्तर कितीही आपुलकीने दिलेले असले तरी ती हमी नव्हे.

आणखी एक बाब मला तुमच्या दुसऱ्या पत्रात खटकली. अमेरिकेतील रसायनशास्त्र विभागांत सर्वसाधारण रीत अशी की विद्यार्थी पहिल्या सत्रात अनेक प्राध्यापकांना भेटतो, काही ठिकाणी दोन-तीन प्रयोगशाळांत थोडे थोडे काम करतो, आणि मग मार्गदर्शक निवडतो. थेट एका प्राध्यापकांच्या नावाने आलेली आरए म्हणजे ही निवड तुम्ही पुण्यात बसूनच करून टाकणे होय. त्या प्राध्यापकांचे काम तुम्हाला खरोखर आवडत असेल तर उत्तमच, पहिल्या दिवसापासून स्वतःच्या प्रबंधाचे काम सुरू होते आणि त्याचाच पगार मिळतो. पण वर्षभराने जमले नाही तर मार्गदर्शक बदलता येतो का, आणि बदलला तर स्टायपेंडचे (या पगाराचे) काय होते, हे विचारून ठेवा. त्या प्रयोगशाळेतून अलीकडे पीएच.डी. झालेले विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, हे त्यांच्या प्रबंधांच्या तारखांवरून शोधता येते. एखाद्या गटात सात वर्षे लागत असतील तर वार्षिक तीन-चार हजारांचा फायदा त्या दोन वाढीव वर्षांत धुऊन जातो.

टीएचे काम म्हणजे नेमके काय, याची कल्पना भारतातून येत नाही, म्हणून एका आठवड्याचा हिशेब देतो. पत्रात ‘५० टक्के नियुक्ती’ असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ आठवड्याला २० तास. समजा तुम्हाला जनरल केमिस्ट्री लॅबचे तीन वर्ग मिळाले आणि प्रत्येकात २४ मुले आहेत. तीन-तीन तासांच्या तीन लॅब म्हणजे नऊ तास उभे राहणे. त्याआधी सर्व टीएंची एक तासाची बैठक. मुलांना शंका विचारण्यासाठी दोन तास. आणि मग ७२ लॅब रिपोर्ट तपासणे, ज्याला सुरुवातीला सात तासांहून जास्त लागतात. त्यातल्या निम्म्या रिपोर्टमध्ये सार्थ अंकांची तीच ती चूक असते. मिडटर्मच्या रात्री सगळे टीए एका खोलीत बसून प्रत्येकी एकच प्रश्न शेकडो उत्तरपत्रिकांत तपासत जातात आणि मध्यरात्र उलटते. हे सगळे तुमचे स्वतःचे अभ्यासक्रम सांभाळून. पहिल्या वर्षी यामुळे संशोधन मागे पडते यात शंका नाही. तरी ज्यांना पुढे शिकवायचे आहे त्यांनी एक-दोन वर्षे टीए जरूर करावी. अठरा वर्षांच्या मुलांना परक्या भाषेत मोलॅरिटी समजावून देताना आपला विषय आपल्याला किती कळला आहे याची परीक्षाच होते. तेव्हा पाच वर्षांपैकी किती वर्षे टीए करावी लागते, हे पहिल्या विद्यापीठाला विचारा. दोन वर्षे आणि पाच वर्षे यांत मोठे अंतर आहे.

टीएसाठी इंग्रजी बोलण्याची वेगळी अट असते, आणि कित्येक राज्य विद्यापीठांत ती काटेकोरपणे पाळली जाते. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतील बोलण्याच्या भागातले गुण प्रवेशाला पुरेसे असले तरी टीएसाठी कमी पडू शकतात. मग तिथे पोचल्यावर विद्यापीठाची तोंडी चाचणी द्यावी लागते. ती पहिल्या सत्रात उत्तीर्ण झाली नाही तर स्टायपेंड थांबतो, की वर्गात न पाठवता तपासणीचे काम देऊन चालू ठेवतात, हे पत्रात क्वचितच लिहिलेले असते.

व्हिसाच्या मर्यादा दोन्हीकडे सारख्याच आहेत, पण त्यांचा परिणाम कमी पगाराच्या पत्रावर जास्त होतो. एफ-१ वर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही. ५० टक्के नियुक्तीत ते २० तास संपलेले असतात, म्हणजे अपुरा पडणारा स्टायपेंड दुसऱ्या कामाने भरून काढण्याची वाट बंद. एनएसएफची प्रसिद्ध पदव्युत्तर फेलोशिप अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांनाच मिळते. ‘आमचे विद्यार्थी बाहेरच्या फेलोशिप मिळवतात’ हे वाक्य वाचताना एवढे ध्यानात असू द्या. पुढेमागे लग्न होऊन पती एफ-२ वर (विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आले तर त्यांना नोकरी करता येणार नाही आणि त्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता बहुधा संपूर्णपणे तुमच्यावर पडेल. विमा विद्यापीठ भरते, हे वाक्य सहसा फक्त विद्यार्थ्यापुरते असते.

ज्यांना पहिल्या वर्षी टीए-आरएऐवजी फेलोशिप मिळते त्यांनी कराची पद्धत वेगळी आहे हे लक्षात घ्यावे. तो पगार नसतो. एफ-१ विद्यार्थ्याच्या करपात्र फेलोशिपमधून साधारणतः १४ टक्के आधीच कापले जातात आणि त्याचा १०४२-एस हा फॉर्म मिळतो. विवरणपत्र भरल्यावर जास्तीची रक्कम परत येते, पण ती पुढच्या वर्षी.

एम.एस.ला जाणाऱ्या मुलांचे गणित मात्र याहून निराळे असते. तिथे असिस्टंटशिप मुळात कमी, आणि २५ टक्के नियुक्तीवर अर्धीच ट्यूशन माफ किंवा फक्त परराज्याचा जादा दर माफ असे प्रकार असतात. टेक्सासच्या राज्य विद्यापीठांत निदान अर्धवेळ, म्हणजे २० तासांची, अभ्यासक्रमाशी संबंधित टीए-आरए असेल तर राज्यातल्या रहिवाशांचा दर लागू होतो. ही मोठी सवलत आहे, पण ट्यूशन शून्य होणे वेगळे आणि दर कमी होणे वेगळे. अशा पत्रांत स्टायपेंडच्या आधी ट्यूशनची ओळ वाचावी.

पहिल्या दोन महिन्यांच्या पैशांची तरतूद घरून करावी लागेल, मग तुम्ही कुठेही जा. ऑगस्टमध्ये पोचल्यावर घराची अनामत आणि पहिले भाडे लगेच द्यावे लागते, सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी आल्यानंतर निदान दहा दिवसांनी अर्ज करायला सांगतात, आणि पहिला पगार बहुतेक ठिकाणी सप्टेंबरच्या अखेरीस हाती पडतो. लहान गावात अडीच ते तीन हजार डॉलर पुरतील. पश्चिम किनाऱ्यावर याच्या जवळजवळ दुप्पट लागतील. आय-२० मध्ये (व्हिसासाठी विद्यापीठ देते त्या फॉर्ममध्ये) विद्यापीठाने धरलेला वार्षिक खर्च स्टायपेंडपेक्षा जास्त असेल तर उरलेली रक्कम कुटुंबाच्या खात्यातून दाखवावी लागते. नऊ महिन्यांच्या पत्रात हे होण्याची शक्यता जास्त, म्हणून वडिलांना बँकेची कागदपत्रे आताच तयार ठेवायला सांगा.

स्टायपेंड वाढवून मागावा का, असेही तुम्ही विचारले आहे. रसायनशास्त्रात विभागातील सर्वांना बहुधा एकच दर असतो, त्यामुळे मूळ आकडा सहसा हलत नाही. हलू शकते ते भोवतालचे: पहिल्या उन्हाळ्याची लेखी हमी, येण्याच्या खर्चासाठी एकरकमी मदत, फी हप्त्याने भरण्याची मुभा. जिथे पदव्युत्तर कर्मचाऱ्यांची संघटना आहे तिथे दर आणि दरवर्षीची वाढ करारातच लिहिलेली असते आणि तो करार कोणालाही वाचता येतो. २०२२ च्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सुमारे ४८,००० कर्मचाऱ्यांनी संप केला, तेव्हा तिथले स्टायपेंड लक्षणीय वाढले. तुमचे पत्र अशा ठिकाणचे असेल तर तिसऱ्या वर्षी किती मिळेल हेही आज पाहता येईल. पहिल्या विद्यापीठात करार नसेल तर गेल्या पाच वर्षांत दर किती वाढला, एवढे तरी विचारा.

१ मार्चच्या मुदतीची धास्ती घेऊ नका. अमेरिकेतील ‘कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स’चा एक ठराव आहे, ज्यावर बहुसंख्य मोठ्या विद्यापीठांनी सही केली आहे, त्यानुसार आर्थिक साहाय्याच्या देकारावर १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर घालता येत नाही. सही केलेल्या विद्यापीठांची यादी कौन्सिलच्या संकेतस्थळावर आहे. दुसऱ्या विद्यापीठाचे नाव त्यात असेल तर आरए देणाऱ्या प्राध्यापकांना नव्हे, तर पदव्युत्तर कार्यक्रमाच्या संचालकांना चार ओळींचे पत्र लिहा: देकाराबद्दल आभार, इथे येण्यात मनापासून रस आहे, दुसऱ्या एका विभागाकडून काही माहिती येणे बाकी आहे, आणि १५ एप्रिलच्या ठरावानुसार तोवर वेळ मिळेल का. ठरावाचा उल्लेख सौम्य शब्दांत करावा. पुष्कळदा मुदत विभागातल्या कोणीतरी सोयीसाठी घातलेली असते आणि ठरावाची आठवण होताच ती निमूटपणे पुढे जाते. नाव यादीत नसेल तर मात्र १ मार्च हीच खरी तारीख समजा आणि आपले प्रश्न आजच पाठवा.

माझा कल विचाराल तर असा आहे. दुसऱ्या विद्यापीठाच्या विभागाने अनुदान संपल्यास टीए देण्याची लेखी हमी दिली आणि त्या प्राध्यापकांचे काम तुम्हाला हवे तेच असेल, तर तिकडे जा. टीएच्या ओझ्याविना पहिले वर्ष मिळणे हे चार हजार डॉलरहून मोलाचे आहे. ती हमी मिळाली नाही आणि पहिल्या विद्यापीठाने निदान पहिले दोन उन्हाळे लिहून दिले, तर लहान गाव पत्करावे. दोन्हीकडून गोलमोल उत्तरे आली तर मी विभागाच्या टीएवर विश्वास टाकेन, एका अनुदानावर नाही.

निर्णय झाला की नाकारायच्या विद्यापीठाला त्याच दिवशी कळवा, १५ एप्रिलची वाट पाहू नका. प्रतीक्षा यादीवरच्या विद्यार्थ्याला आम्ही पत्र पाठवू शकतो ते तुमची जागा मोकळी झाल्यावरच, आणि शेवटच्या आठवड्यात मोकळी झालेली जागा पुष्कळदा कोणाच्याच उपयोगी पडत नाही.